विश्लेषण : जॅक कुस्तो यांनी समुद्राचे दार उघडले, पण तिथे वागायचे कसे हे जगाला कधी कळले?

समुद्रतळावरील प्राचीन जहाजांचे उत्खनन आणि प्रवाळांचे जतन या दोन कामांसाठी आज जगभर स्कुबा डायव्हर तयार केले जातात. दोन्हीकडे पहिला धडा एकच असतो : दिसेल त्याला हात लावायचा नाही. या डायव्हरांच्या पाठीवरचे श्वसनयंत्र ज्यांच्यामुळे जगभर पोहोचले, त्या फ्रेंच नौदल अधिकारी जॅक-इव्ह कुस्तो यांना मात्र हा धडा कुणी दिला नव्हता. त्यांनी प्राचीन जहाजे उपसली, प्रवाळ फोडले, सुरुंगही लावले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात समुद्र वाचवण्यासाठी तेच सर्वांत मोठ्या आवाजात बोलू लागले. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की आजच्या प्रशिक्षणातील प्रत्येक नियम कुठून आला, हे समजते.

कुस्तो समुद्राकडे कसे वळले?

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील बोर्दोजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. वडील धनाढ्य अमेरिकनांचे कायदेविषयक सहायक असल्याने कुटुंबाचा मुक्काम सतत बदलत असे. लहानगा जॅक काही काळ न्यूयॉर्कमध्ये होता. व्हरमाँट राज्यातील उन्हाळी शिबिरात तळ्याच्या तळाशी पडलेल्या फांद्या काढण्याचे काम त्याला मिळाले आणि श्वास रोखून पाण्याखाली राहण्याची सवय तिथे लागली. किशोरवयातच हाती आलेला चित्रपट-कॅमेरा हा त्याचा दुसरा छंद.

१९३० मध्ये ते फ्रेंच नौदलाच्या अकादमीत दाखल झाले. त्यांना व्हायचे होते वैमानिक. मात्र १९३६ मध्ये मोटार अपघातात दोन्ही हात मोडले आणि ती वाट बंद झाली. तुलाँ बंदरावर नेमणूक असताना हातांत बळ यावे म्हणून ते रोज समुद्रात पोहू लागले. तिथे फिलिप तायिए या सहकारी अधिकाऱ्याने त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. पाण्याखालचे जग प्रथमच स्पष्ट दिसले आणि पुढचे सारे आयुष्य त्या दृश्यामागे गेले. भाल्याने मासे मारण्यात पटाईत असलेला फ्रेडरिक द्युमा हा तरुण त्यांना येऊन मिळाला. कुस्तो, तायिए आणि द्युमा या त्रिकुटाने पुढे डायव्हिंगचा इतिहास घडवला.

‘ॲक्वालंग’ म्हणजे काय? त्यात नवे काय होते?

तोवर खोल पाण्यात उतरायचे म्हणजे तांब्याचे शिरस्त्राण, शिशाचे बूट आणि वरच्या बोटीतून हवा पुरवणारी नळी, असा जामानिमा लागे. पाणबुड्या नळीला बांधलेला असे आणि तळावर चालत असे. पाठीवर हवेची टाकी घेण्याचे प्रयोग फ्रान्समध्ये आधीच झाले होते, पण त्यात हवा सतत वाहत राही आणि लवकर संपे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती. मोटारी लाकूड-कोळशाच्या वायूवर चालवल्या जात आणि त्यासाठी ‘एअर लिक्विड’ या कंपनीतील अभियंता एमिल गान्यां याने वायूचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप तयार केली होती. कुस्तो यांचे सासरे याच कंपनीत संचालक होते. त्या ओळखीतून डिसेंबर १९४२ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांची भेट झाली. श्वास घेतला की तेवढीच हवा सोडणारी आणि त्या खोलीवरील पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने ती देणारी झडप त्यांनी पाणबुड्यासाठी तयार केली.

पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवे असताना यंत्र नीट चालले, पण उभे राहताच हवा वाया जाऊ लागली आणि डोके खाली केले की श्वास अडू लागला. हवा येण्याची आणि उच्छ्वास बाहेर जाण्याची जागा वेगवेगळ्या पातळीवर असल्याने दाबात फरक पडत होता. दोन्ही एकाच पातळीवर आणताच दोष गेला. १९४३ च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात कुस्तो हे यंत्र लावून माशासारखे सर्व दिशांनी वळले. वरच्या बोटीशी असलेली नळी तुटली होती, हात मोकळे झाले होते. पुढील काळात सामान्य माणूसही थोड्या शिकवणीवर समुद्राखाली जाऊ शकणार होता.

पाण्याखालच्या प्रशिक्षणाची सुरुवात कशी झाली?

युद्ध संपल्यावर नौदलाने कुस्तो, तायिए आणि द्युमा यांना तुलाँ येथे पाण्याखालील संशोधनाचा गट स्थापन करू दिला. पहिले काम होते ते युद्धात पेरलेले सुरुंग काढणे आणि बुडालेली जहाजे तपासणे. त्याबरोबर नौदलाच्या पाणबुड्यांना नव्या यंत्राचे शिक्षण देणेही आले.

हे शिक्षण महाग पडले. ऑगस्ट १९४६ मध्ये कुस्तो आणि द्युमा फ्रान्समधील व्होक्लूझच्या झऱ्यात उतरले आणि जेमतेम वाचले. टाक्या भरताना हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळला होता. १९४७ मध्ये मॉरिस फार्ग हा सहकारी १२० मीटरपर्यंत जाऊन परतलाच नाही. खोलवर हवेतील नायट्रोजन मेंदूवर दारूसारखा परिणाम करतो आणि माणूस भान हरपतो. साध्या हवेवर किती खोल जायचे, टाक्या कशा भरायच्या, वर येताना किती थांबायचे, यांचे आज पुस्तकात छापलेले नियम अशा अपघातांतून लिहिले गेले.

जानेवारी १९५९ मध्ये मोनॅको येथे विविध देशांच्या डायव्हिंग संघटनांनी एकत्र येऊन जागतिक महासंघ स्थापन केला. ‘सीएमएएस’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे पहिले अध्यक्ष कुस्तो होते. आज अनेक देशांत दिली जाणारी एक तारा, दोन तारे, तीन तारे ही प्रमाणपत्रे याच महासंघाची.

प्राचीन जहाजांकडे ते कसे वळले?

१९४८ मध्ये हा गट ट्युनिशियाच्या किनाऱ्याजवळ महदिया येथे गेला. तेथे ग्रीक स्पंज-पाणबुड्यांना १९०७ मध्ये एक रोमनकालीन जहाज सापडले होते आणि संगमरवरी खांबांचा ढीग अजून तळाशी होता. बरेच दिवस शोधल्यावर जहाज हाती लागले. श्वसनयंत्र पाठीवर लावून प्राचीन जहाजाची पाहणी करण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता.

१९५० मध्ये कुस्तो यांना ‘कॅलिप्सो’ मिळाले. महायुद्धातील लाकडी सांगाड्याचे हे सुरुंगशोधक जहाज लोएल गिनेस या ब्रिटिश धनिकाने विकत घेतले आणि वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने त्यांना दिले. १९५१ च्या अखेरीस ते लाल समुद्रातील प्रवाळांच्या अभ्यासाला निघाले आणि परतल्यावर १९५२ मध्ये मार्सेयजवळच्या ग्राँ काँग्लुए या खडकाळ बेटापाशी पोहोचले. मार्सेयचा एक पाणबुड्या दाबाच्या आजारावर तुलाँमध्ये उपचार घेत होता. त्या खडकाखाली जुनी मडकी पडलेली असल्याचे त्याने द्युमाला सांगितले होते. ती मडकी म्हणजे इसवीसनापूर्वीचे, दोन कानांचे, वारुणी भरलेले हजारो रांजण निघाले.

ग्राँ काँग्लुए येथे नेमके काय चुकले?

उत्खनन पाच वर्षे चालले. हवेच्या जोरावर गाळ वर ओढणारा जाड पाइप बसवला गेला, पाण्याखाली दूरचित्रवाणी कॅमेरा नेला गेला. मार्सेयच्या संग्रहालयाचे पुरातत्त्वज्ञ फर्नां बेनुआ हे कामाचे प्रमुख होते, मात्र ते पाण्यात उतरत नव्हते. पाणबुडे वस्तू वर आणत आणि बेनुआ त्यावरून इतिहास मांडत. कोणता रांजण कोणाच्या वर होता, कोणता खाली, त्यांतील अंतर किती, याची काटेकोर नोंद झाली नाही. नोव्हेंबर १९५२ मध्ये हरवलेला नांगर शोधताना ज्याँ-पिएर सेर्वांती हा तरुण पाणबुडा मरण पावला.

बेनुआ यांनी सारा माल एकाच जहाजाचा मानला. रांजणांचे काळ मात्र जुळत नव्हते आणि विद्वान अनेक वर्षे वाद घालत राहिले. १९८० च्या दशकात जुन्या नोंदी आणि वस्तू पुन्हा तपासल्या, तेव्हा उत्तर मिळाले. तिथे एकावर एक अशी दोन जहाजे होती आणि त्यांच्या बुडण्यात सुमारे शंभर वर्षांचे अंतर होते. पहिल्याच दिवशी मोजपट्टी आणि पाटी घेऊन कुणी जाणकार खाली असता, तर हे तेव्हाच कळले असते. उत्खननाचे वैशिष्ट्य असे की ते एकदाच करता येते. थर एकदा विस्कटला की पुन्हा लावता येत नाही.

१९५७ मध्ये तायिए यांनी ल व्हाँ बेटाजवळच्या ‘तितां’ या जहाजाचे उत्खनन अधिक शिस्तीने केले. तरीही पुरातत्त्वज्ञ सोबत असता तर आपण खूप अधिक टिपले असते, अशी प्रांजळ कबुली त्यांनी नंतर दिली.

मग योग्य पद्धत कुणी घालून दिली?

वळण आले १९६० मध्ये, तुर्कस्तानच्या केप गेलिदोनिया येथे. स्थानिक स्पंज-पाणबुड्यांनी दाखवलेले हे जहाज सुमारे इ.स.पू. १२०० मधील, तांब्याच्या लगडी घेऊन निघालेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे जॉर्ज बास तेव्हा विद्यार्थी होते. डायव्हरला पुरातत्त्व शिकवण्यापेक्षा पुरातत्त्वज्ञाला डायव्हिंग शिकवणे सोपे, अशी त्यांची धारणा होती आणि काही धडे घेऊन ते स्वतःच तळाशी गेले. या मोहिमेचा मुख्य डायव्हर होता कुस्तो यांचा जुना साथी फ्रेडरिक द्युमा. म्हणजे कुस्तो यांच्या गटाचे पाण्यातले कौशल्य आणि जमिनीवरील उत्खननाची शिस्त यांची गाठ तिथे पडली. प्रत्येक वस्तू जागेवरच मोजून, रेखाटून, छायाचित्र घेऊन मगच हलवली गेली.

आजचा अभ्यासक्रम या पायावर उभा आहे. डायव्हरला आधी पाण्यात ना वर ना खाली, अधांतरी स्थिर राहायला शिकवतात, कारण पायातील पंखांचा एक फटका गाळ उडवतो आणि पुढचा अर्धा तास काही दिसत नाही. मग फीत धरून अंतर मोजणे, प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने रेखाटणे, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घेणे. शेवटचा धडा वस्तू वर काढण्याचा नसून ती का काढू नये याचा असतो. शतकानुशतके खाऱ्या पाण्यात राहिलेले लाकूड उन्हात आक्रसते. मडक्यात मुरलेले मीठ सुकताना स्फटिक होते आणि मडक्याला तडे जातात. जतनाची सोय नसेल, तर वस्तूला समुद्रतळाइतकी सुरक्षित जागा नाही. युनेस्कोच्या २००१ च्या जलमग्न वारसा करारानेही वारसा जागच्या जागी जपण्यालाच पहिली पसंती दिली आहे.

कुस्तो यांनी प्रवाळांचे नुकसान केले, हा आरोप खरा आहे का?

होय, आणि त्याचा पुरावा त्यांच्याच चित्रपटात आहे. लुई माल यांच्यासह केलेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ला १९५६ मध्ये कान महोत्सवातील सर्वोच्च पुरस्कार आणि नंतर ऑस्कर मिळाले. पाण्याखालचे रंग जगाने पडद्यावर पाहिले. त्याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळखडकाजवळ सुरुंग उडवला जातो आणि मेलेल्या माशांचा खच पडतो. हातोड्याने प्रवाळ फोडले जातात. जहाजाच्या पंख्याने जखमी झालेल्या देवमाशाच्या पिल्लावर शार्क तुटून पडतात, तेव्हा चवताळलेले खलाशी त्या शार्कना डेकवर ओढून ठेचतात. त्या काळच्या प्रेक्षकांना यात वावगे वाटले नाही. समुद्र अथांग आहे आणि त्याला काही होत नाही, ही सर्वांचीच समजूत होती.

कमाईसाठी तेलाची वाटही कुस्तो यांनी धरली. १९५४ मध्ये ‘कॅलिप्सो’ने पर्शियन आखातात तेल कंपनीसाठी तळाची पाहणी केली. समुद्राखाली माणसे वसवण्याच्या प्रयोगांनाही फ्रेंच तेल उद्योगाची मदत होती. १९६३ मध्ये सुदानजवळ शाब रूमी या प्रवाळखडकावर १० मीटर खोल घर उभारून माणसे महिनाभर राहिली. या प्रयोगावरील चित्रपटालाही ऑस्कर मिळाले. त्या वसाहतीचे अवशेष अजून तिथे आहेत आणि त्यांवर प्रवाळ वाढले आहेत.

विचार कधी बदलला?

बदल एका रात्रीत झाला नाही. १९५७ पासून ते मोनॅकोच्या सागरविज्ञान संग्रहालयाचे संचालक होते. १९६० मध्ये फ्रेंच सरकारने किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकायचे ठरवले, तेव्हा त्यांनी जाहीर विरोध केला. किनाऱ्यावरील लोक रस्त्यावर आले, कचऱ्याची गाडी अडवली गेली आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

दुसरे कारण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. वीस-तीस वर्षांपूर्वी चित्रित केलेल्या जागी ते पुन्हा उतरत, तेव्हा तिथले मासे आणि रंग नाहीसे झालेले असत. ज्या भाल्याच्या शिकारीने त्यांच्या मित्रमंडळाची सुरुवात झाली, त्याच शिकारीविरुद्ध ते बोलू लागले. १९६८ पासून अमेरिकी दूरचित्रवाणीवरील त्यांच्या मालिकेने लाल टोपीतला हा सडपातळ माणूस घराघरांत पोहोचवला. १९७३ मध्ये त्यांनी समुद्ररक्षणासाठी ‘कुस्तो सोसायटी’ स्थापन केली.

पुरातत्त्वातही फरक दिसला. १९७६ मध्ये ग्रीक सरकारच्या निमंत्रणावरून ते अँटिकिथेरा बेटाजवळील जहाजावर गेले. याच जहाजातून १९०१ मध्ये जगप्रसिद्ध दातेरी चक्रांचे खगोलयंत्र मिळाले होते. या वेळी पुरातत्त्वज्ञ देखरेखीला होते. पर्गामॉन आणि इफेसस या शहरांची नाणी सापडली आणि त्यांवरून जहाज इ.स.पू. ७० ते ६० च्या सुमारास बुडाल्याचे ठरवता आले.

शेवटची वर्षे कशी गेली?

जून १९७९ मध्ये लिस्बनजवळ समुद्रविमानाच्या अपघातात धाकटा मुलगा फिलिप गेला. वारसदार म्हणून ज्याच्याकडे पाहावे, तोच गेल्याने कुस्तो खचले. १९९० मध्ये पत्नी सिमोन वारल्या. ‘कॅलिप्सो’वर त्यांनी पतीपेक्षाही अधिक काळ काढला होता, असे खलाशी मानत. पुढील वर्षी कुस्तो यांनी दुसरा विवाह केला. थोरला मुलगा ज्याँ-मिशेल याच्याशी नावाच्या वापरावरून न्यायालयीन वाद झाला. युद्धकाळात जर्मनांना साथ देणारा भाऊ पिएर-आंत्वान याची सावलीही त्यांच्या नावावरून पूर्ण हटली नाही.

काम मात्र थांबले नाही. अंटार्क्टिकात खाणकाम होऊ नये म्हणून त्यांनी जगभर सह्या गोळा केल्या. १९९१ च्या माद्रिद करारात तिथे खाणकामाला बंदी आली, त्यात या मोहिमेचाही वाटा होता. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जच्या धडकेने ‘कॅलिप्सो’ बुडाले. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कुस्तो यांचे निधन झाले. ज्या गावी जन्म झाला, तिथेच त्यांचे दफन झाले.

त्याच वर्षी ‘रीफ चेक’ या उपक्रमाने प्रवाळांची पहिली जागतिक पाहणी केली. त्यात हौशी डायव्हरांना शिकवून, तळावर १०० मीटरची फीत अंथरून, ठरावीक मासे आणि प्रवाळ मोजायला लावले जाते. मासे मोजायला सुरुंग लावण्यापासून फीत अंथरण्यापर्यंतचे अंतर कापायला चार दशके लागली.

भारताशी, कोकणाशी याचा संबंध काय?

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये एस. आर. राव यांच्या पुढाकाराने सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले. द्वारकेच्या समुद्रात पुरातत्त्वज्ञ स्वतः डायव्हिंग शिकून उतरले, म्हणजे इथे बास यांचाच मार्ग धरला गेला. गोव्याजवळ सुंची रीफ येथे सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. त्यात तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी होती. सेंट जॉर्जेस रीफवरील जहाजात ‘बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५’ असा ठसा असलेली कौले मिळाली. कोकणातल्या जुन्या घरांवर दिसणाऱ्या कौलांच्या ठशाने त्या जहाजाचा काळ सांगितला.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत आणि आज हजारो पर्यटक तिथे स्कुबासाठी येतात. त्यांतले बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदाच तोंडात नळी धरतात आणि त्यांना धरून नेणारा स्थानिक तरुणच त्यांचा गुरू असतो. प्रवाळावर पाय ठेवला की अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते, बोटीचा नांगर तर त्याहून मोठा घाव घालतो. त्यामुळे प्रवाळाचे काय होणार, हे त्या तरुणाच्या प्रशिक्षणावर ठरते. पर्यटकाला खाली नेता येणे हे त्यातले निम्मेच काम आहे. त्याचे हातपाय आवरणे, नांगर वाळूत टाकणे, तळाशी तोफ किंवा जुने मडके दिसले तर ते न उचलता जागा नोंदवून कळवणे, हे उरलेले निम्मे. श्वसनयंत्र आज कुणालाही भाड्याने मिळते. त्यासोबतची शिस्त मात्र प्रत्येक नव्या डायव्हरला मुद्दाम शिकवावी लागते.